न आलेल्यांची हजेरी

निकम मॅडम वर्गात आल्या की समोर बसलेल्यांवरून एकदा नजर फिरवायच्या, मान हलवायच्या आणि विचारायच्या, "कोण नाही आलं?"

पहिल्या दिवशी आम्हाला वाटलं, बाई आळशी आहेत, सगळ्यांची नावं घ्यायचा कंटाळा येतोय. मग कळलं की हा प्रश्न नेहमीच्या हजेरीपेक्षा जास्त वेळ खातो. मागच्या बाकावरून कुणीतरी एखादं नाव सांगायचं.

"का नाही आली?"

"माहीत नाही, मॅडम."

"शेजारी बसतेस ना तिच्या? मग माहीत करून घे. उद्या सांग."

आणि उद्या त्या खरंच विचारायच्या. एका मुलीचं कॉलेज वडिलांनी बंद केलंय हे आम्हा मैत्रिणींच्या आधी मॅडमना कळलं, ते असं. त्या तिच्या घरी जाऊन आल्या, आणि तिसऱ्या आठवड्यात ती पुन्हा बाकावर होती. काय बोलणं झालं ते त्या दोघींनीही कधी सांगितलं नाही. आलेली माणसं दिसतातच, असं मॅडमचं म्हणणं. त्यांची हजेरी कशाला घ्यायची?

वाशीतल्या आमच्या कॉलेजात त्या समाजशास्त्राच्या मुलांना संशोधन पद्धती आणि संख्याशास्त्र शिकवायच्या. मूळच्या साताऱ्याकडच्या. वर्गात पुस्तकी मराठी बोलायच्या, पण खूश झाल्या किंवा चिडल्या की साताऱ्याची बोली वर यायची. अंबाड्यात पेन्सिल खोचलेली असायची आणि तीच पेन्सिल त्या टेबलावर, पर्समध्ये, खिडकीत शोधत असायच्या. लॅपटॉप जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळून आणायच्या. तो सोडवताना त्यांचा हात असा चालायचा, जणू आत भाकरी आहेत आणि वाफ जाता कामा नये.

मी त्यांच्या वर्गात बसले ती हाताची घडी घालून. माझं बालपण पत्रकांवर गेलं. पप्पा कामगार संघटनेचे. तुर्भ्याच्या औद्योगिक पट्ट्यात ते ज्या कारखान्यात होते, तिथल्या प्रत्येक संपाचे, प्रत्येक बैठकीचे गठ्ठे आमच्या पलंगाखाली असायचे. उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली. ताटाखाली पत्रक, कपाटाच्या फळीवर पत्रक, वह्यांना कव्हर म्हणून पत्रक. 'बंधू-भगिनींनो' हा शब्द मला 'आई'च्या पाठोपाठच आला असणार. आणि आमच्या घरात आकड्यांना मान नव्हता. "आकडा ही मालकाची भाषा," पप्पा म्हणायचे. "त्याला नफा आकड्यात दिसतो. आपली भूक कुठल्या रकान्यात लिहिणार?"

अशा घरातली मुलगी संख्याशास्त्र शिकायला बसली, तर ती भांडायलाच बसणार. मॅडमनी एकदा विचारलं, थोड्या माणसांना विचारून सगळ्यांबद्दल कसं बोलता येईल? मी उभी राहून म्हटलं, "शितावरून भाताची परीक्षा. आमच्या आजोबांनाही माहीत होतं. त्याला कॉम्प्युटर कशाला लागतो?"

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. "कुठलं शीत?"

"कुठलंही."

"तू भात लावतेस का गं घरी?"

"पप्पा लावतात."

"मग पप्पांना विचार, कुठलं शीत."

मी घरी विचारलं. पप्पांनी पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "तीन ठिकाणचं बघायचं. वरचं, मधलं आणि कडेचं. मधलं शिजलेलं असताना कडेचं कच्चं राहतं."

दुसऱ्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा मॅडमनी खडू घेऊन फळ्यावर लिहिलं: वर, मध्ये, कडेला. "तुझे पप्पा लई शहाणे हायेत," त्या म्हणाल्या. "पुस्तकात याला सहा पानं घालवलीत. आणि ते म्हणतात आकडे नकोत होय?" त्या दिवसापासून त्या मला 'संपादक' म्हणू लागल्या. घरी पत्रकं मी लिहिते हे त्यांना कुठून कळलं होतं, कुणास ठाऊक.

कॉलेजच्या लॅबमध्ये एक महागडं सॉफ्टवेअर होतं. त्याची मुदत संपलेली, त्यामुळे उघडलं की ते फक्त मुदत वाढवण्याची आठवण करून द्यायचं. मॅडमनी त्याचा नाद सोडून आम्हाला फुकटातलं सॉफ्टवेअर शिकवलं, 'आर' नावाचं. नावही एका अक्षराचं आणि रूपही तसंच काटकसरी. पांढऱ्या पडद्यावर एक बाण लुकलुकतो, आपण आज्ञा लिहायची, ते उत्तर देतं. बटणं नाहीत, रंग नाहीत. मॅडम दोन बोटांनी टाइप करायच्या आणि टाइप करताना त्याच्याशी बोलायच्या. "हं, हे घे. आता काय अडलं तुझं?" पडद्यावर लाल ओळ आली की आम्ही मुलं घाबरायचो. त्या म्हणायच्या, "रागावलेलं नाही ते. त्याला कळलं नाही, म्हणून विचारतंय. न कळता हो म्हणणाऱ्यापेक्षा बरं की. कंस राहिलाय बघ तुझा."

आम्हाला वाटायचं, माहिती आत टाकली की पहिल्यांदा टक्केवारी काढायची. मॅडमची पहिली आज्ञा मात्र ठरलेली असायची: रिकामे रकाने दाखव. ऑनलाइन फॉर्म भरणारे लोक काही प्रश्न सोडून देतात. सॉफ्टवेअर त्या जागांचं चित्र काढून देतं. एका माणसाची एक आडवी ओळ, भरलेली जागा फिकट, सोडलेली जागा काळी. ते चित्र उंदरांनी कुरतडलेल्या गोधडीसारखं दिसायचं. "हे गैरहजर," मॅडम पडद्यावर पेन्सिल टेकवून म्हणायच्या. "कुठं दाटलेत ते बघा आधी."

सरावासाठी आम्ही कॉलेजातल्या सोयींवर एक ऑनलाइन पाहणी केली होती. कँटीनच्या चहापासून लायब्ररीच्या पंख्यांपर्यंत सगळ्या प्रश्नांना लोकांनी हौसेने उत्तरं दिलेली. एका प्रश्नापाशी मात्र काळा पट्टा उभा होता. स्वच्छतागृह वापरता का, आणि वापरत नसाल तर का? मॅडमनी आज्ञा बदलून मुलं आणि मुली वेगळ्या केल्या. सगळा काळा रंग मुलींच्या बाजूला गेला.

"फॉर्ममध्ये पहिला प्रश्न काय होता?"

"नाव आणि वर्ग," कुणीतरी म्हणालं.

"नाव लिहून घेतलंत, आणि मग हे विचारलंत. कोण बोलेल?" मग त्यांनी त्या काळ्या पट्ट्यावरून पेन्सिल फिरवली. "बोलल्या नाहीत असं नाही हां. किती मोठ्यानं सांगतायत बघा."

त्या दिवशी मी हाताची घडी सोडली.

त्यानंतरच्या वर्षीची ही गोष्ट. आमच्या तुर्भ्याच्या वस्तीत एका धर्मादाय संस्थेचा दवाखाना आहे. सकाळी दोन तास आणि संध्याकाळी पाच ते सात. पत्र्याचं छप्पर, बाहेर दोन बाकडी, ओढून लावायचा लोखंडी दरवाजा. संस्थेला तो हायवेपलीकडच्या सेक्टरमध्ये, लिफ्ट असलेल्या नव्या इमारतीत हलवायचा होता. सकाळची वेळ इथे राहणार होती, संध्याकाळची तिकडे जाणार होती. संस्थेने ऑनलाइन पाहणी केली, लोकांच्या फोनवर लिंक पाठवली, आणि बहुसंख्य लाभार्थी स्थलांतराच्या बाजूने आहेत असा कागद दवाखान्याच्या दारावर चिकटवला.

तो कागद वाचून माझं डोकं फिरलं. हायवे ओलांडायचा म्हणजे कंटेनर आणि ट्रकच्या मधून जायचं, नाहीतर पुलाला लांबचा वळसा. वस्तीतल्या कुठल्या आजारी माणसाने याला हो म्हटलं असेल? आम्ही ठरवलं की आपणही पाहणी करायची. रोहित आमच्या विहारातली अभ्यासिका चालवतो. तो आणि त्याची पोरं कामाला लागली, प्रश्न निकम मॅडमनी तपासून दिले, लिंक फिरली, आणि थोड्याच दिवसांत रोहितचा फोन आला. "टेन्शन नको घेऊ. रिस्पॉन्स एकदम कडक आलाय. सगळे आपल्या बाजूने."

मी पत्रक लिहायला बसले. 'वस्ती एकमुखाने सांगते आहे!' हा मथळा आधी सुचला, बाकीचं मागून आलं. पप्पांनी वाचून फक्त एक स्वल्पविराम हलवला. आमच्याकडे याहून मोठं कौतुक नाही.

पत्रक छापायला टाकण्याआधी टक्केवारी हवी होती, म्हणून आम्ही मॅडमना अभ्यासिकेत बोलावलं. त्या रविवारी दुपारी आल्या, साडीच्या तुकड्यातून लॅपटॉप काढला, रिकामे रकाने बघितले. जवळजवळ नव्हतेच. "इतके शहाणे लोक?" त्या स्वतःशीच म्हणाल्या. मग त्यांनी दुसरी आज्ञा लिहिली. प्रत्येक माणसाच्या उत्तरांमध्ये आपसांत किती फरक आहे ते मोजायची. साधारण माणूस एका प्रश्नाला पूर्ण सहमत म्हणतो, दुसऱ्याला थोडाफार, तिसऱ्याला नाही. पडद्यावर स्तंभालेख आला. डाव्या कडेला, शून्यापाशी, एक उंच स्तंभ एकटाच उभा होता.

"ही माणसं बघा," मॅडम म्हणाल्या. "पहिल्या प्रश्नापासून शेवटपर्यंत पूर्ण सहमत, पूर्ण सहमत, पूर्ण सहमत."

"म्हणजे ठाम आहेत," मी म्हटलं.

"सहावा प्रश्न वाच."

सहावा प्रश्न त्यांनीच घातलेला होता, मुद्दाम उलटा: 'मला संध्याकाळच्या दवाखान्याची गरज पडत नाही.' त्या सगळ्यांनी त्यालाही पूर्ण सहमत म्हटलं होतं. मॅडमनी फॉर्म भरल्याच्या वेळा काढल्या. हे सगळे फॉर्म एकाच दुपारी, एकामागून एक भरलेले होते.

रोहित मान खाजवत होता.

"बोल, रोहित."

"मॅडम, आम्ही खोटं नाय केलं. लोकांच्या वतीने भरलं. पारूमावशीला फोन कुठे जमतो? शेजारच्या आजोबांना दिसत नाय. मग आम्हीच बसलो इथे, एकेका घराचं नाव घेऊन भरले. रेशनचा फॉर्म नाय भरत आपण त्यांचा? तसंच."

"रेशनचा फॉर्म भरताना विचारतोस ना, घरात माणसं किती?"

"हो."

"हे विचारलंस?"

"मॅडम, पारूमावशी काय बोलणार ते सगळ्यांना माहीत आहे ना."

"मग ते तिच्या तोंडून ऐकू."

मला वाटलं होतं, मॅडम रागावतील आणि निघून जातील. त्या राहिल्या. माझं पत्रक त्यांनी हातात घेतलं, पेन्सिल शोधली, रोहितने अंबाड्याकडे बोट दाखवलं. 'एकमुखाने' या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली. "संपादक, हे मुख रोहितचं आहे."

पोरं हसली. मी नाही हसले. मी म्हटलं, "समोरचे लोक धडधडीत फसवतायत आणि तुम्ही आमच्याच चुका काढताय. तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने आहात?"

"त्यांच्याही काढणार की. पण आपल्या आधी." त्या एवढंच म्हणाल्या. मग लॅपटॉपवर त्या उंच स्तंभातल्या ओळी वेगळ्या केल्या. रोहितला वाटलं पुसून टाकतायत. "पुसायचं नाही," त्या म्हणाल्या. "बाजूला ठेवायचं. आणि बाजूला ठेवलंय हे सगळ्यांना सांगायचं." उरलेली उत्तरं तपासली, तर ती जवळपास सगळी तरुण मुलांची निघाली. फोन ज्यांच्या हातात, तेच बोलले होते.

पारूमावशी आमच्या गल्लीच्या टोकाला राहते. मराठवाड्यातून आलेली, नवरा नाही, घाऊक मार्केटात कांदा निवडायला जाते. त्या संध्याकाळी आम्ही तिच्या उंबऱ्यावर तिची वाट बघत बसलो. अंधार पडल्यावर ती आली, पदराला कांद्याची सालं चिकटलेली. एवढी माणसं दारात बघून घाबरली. "काय झालं गं? कोन गेलं?"

"कुणी नाही, मावशी. संध्याकाळच्या दवाखान्याबद्दल विचारायचंय. तुमी जाता ना तिकडे?" रोहितने विचारलं. त्याच्या आवाजात अजून आशा होती.

मावशीने कमरेची किल्ली काढली. "मी कवा जानार रे बाबा? मी येते तवा कुलूप अस्तंय."

"मग बीपीची गोळी?"

"डाक्टरनं मागं लिवून दिल्याली तीच आनते मेडिकलातनं. कवा असली तर घेते." तिने दार उघडलं, पाण्याचा हंडा बघितला, आणि मग आठवल्यासारखं म्हणाली, "डोकं लई गरगरतं बघा. पन मला कोन इचारतंय?"

मॅडम तिच्या शेजारी उंबऱ्यावर बसल्या. "मी विचारते. किती वाजता उघडा असला तर जमेल?"

मावशी हसली. तिला ते चेष्टेसारखं वाटलं असणार. दवाखाना माणसाला विचारून उघडतो, हे तिने कधी ऐकलं नव्हतं.

परत येताना मॅडम गल्लीत माझ्याबरोबर चालत होत्या. मी अजून फुरंगटलेलीच होते. एकदम त्या म्हणाल्या, "मी लहान असताना गणतीला गुरुजी आले होते आमच्या घरी. वडलांनी सगळ्यांची नावं सांगितली. धाकट्या बाळाचंसुद्धा. माझ्या आत्याचं राहिलं. नवऱ्यानं टाकलेली, आमच्याकडंच असायची."

"मुद्दाम नाही सांगितलं?"

"छे गं. वडलांचा जीव होता तिच्यावर. ती तेव्हा आत गुरुजींसाठी चहा ठेवत होती. समोर नव्हती, म्हणून राहिली." त्यांनी चप्पल झटकली. "गुरुजी चहा पिऊन गेले."

मग आम्ही घरोघर गेलो. मॅडमनी वस्तीचे भाग पाडून दिले: हायवेकडचा, मधला, डोंगराच्या कडेचा. पप्पांचीच तीन शितं. प्रत्येक भागात ठरावीक अंतराने घरं घ्यायची, आपल्या ओळखीची निवडायची नाहीत, कुलूप असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. हा शेवटचा नियम सगळ्यांत जाचक होता. रोहित म्हणायचा, "मॅडम, शेजारच्या घरात विचारतो ना, तिथे काकी आहे." मॅडमचं एकच उत्तर असायचं, "काकी घरी हाय म्हणूनच नको. ज्या घराला कुलूप, तिथलं माणूस कुठंय?" ते कामावर होतं, बहुतेक वेळा ते एक बाईमाणूस होतं, आणि ती परत यायची तेव्हा दवाखाना बंद झालेला असायचा. उत्तरं आम्ही त्याच फॉर्ममध्ये त्यांच्यासमोर, त्यांना वाचून दाखवत भरली. पोरांना आधी लाज वाटत होती. मग चढाओढ लागली, कुणाचं कुलूप आधी उघडतं याची.

मॅडम रोज संध्याकाळी येऊन जमलेली माहिती सॉफ्टवेअरमध्ये टाकायच्या. एकदा पप्पा त्यांच्या मागे उभे राहून पडद्याकडे बघत होते. संध्याकाळी सातनंतर घरी येणाऱ्या बायकांचा स्तंभ वर वर चढत होता. पप्पांनी जवळ वाकून तो पाहिला. मग म्हणाले, "आकड्यांच्या भाषेला दिसते म्हणायची भूक."

"दाखवली तर दिसते, दादा," मॅडम म्हणाल्या. "विचारणारा कोण आहे त्यावर आहे."

निष्कर्ष असा निघाला की आमची घोषणाच अर्धी चुकलेली होती. 'संध्याकाळचा दवाखाना वाचवा' असं आम्ही ओरडत होतो. ज्यांना त्याची सगळ्यांत जास्त गरज होती, त्यांना तो कधी मिळालाच नव्हता. वाचवायचं काय होतं? तो इथेच हवा होता आणि उशिरा उघडा हवा होता. पत्रक मी पुन्हा लिहिलं. 'एकमुखाने' गेलं. खाली एक चौकट आली: 'या पाहणीत काय कमी आहे.' त्यात सगळं लिहिलं, बाजूला ठेवलेल्या फॉर्मांसकट. पप्पा प्रूफ वाचताना कपाळावर हात मारून घेत होते. "आयुष्यात पहिल्यांदा पत्रकात आपलीच चूक छापतोय." तरी त्यांनी ती छापली, आणि ठळक अक्षरात.

संस्थेच्या कार्यालयात आम्ही गेलो तेव्हा पारूमावशीने अर्ध्या दिवसाची मजुरी सोडली होती. व्यवस्थापक साहेब तयारीत होते. आमच्या पाहणीची प्रत त्यांच्यासमोर होती, समासात लाल खुणा केलेल्या. मॅडम उभ्या राहिल्या. "आमच्या पाहणीत काय चुकलं होतं ते आधी सांगते," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खरोखरच सगळं सांगितलं. एका दुपारी भरलेले फॉर्म, उलटा प्रश्न, तरुण मुलांची गर्दी, नंतर काय केलं, अजून काय राहिलं. साहेबांच्या लाल खुणा एकेक करून संपत गेल्या. शेवटी त्यांनी पेन खाली ठेवलं.

मग मॅडमनी वर्गात विचारायच्या त्याच आवाजात विचारलं, "आता तुमच्या पाहणीत कोण नाही आलं?"

"आम्ही सगळ्यांना लिंक पाठवली होती."

"सगळे म्हणजे?"

"ज्यांचे नंबर आमच्याकडे नोंदलेले आहेत ते."

"नोंदले कुठे?"

"दवाखान्यातच. केसपेपर काढताना."

"म्हणजे जे दवाखान्यात पोचले, त्यांना विचारलंत," मॅडम म्हणाल्या. "जे पोचू शकत नाहीत, त्यांना?"

साहेबांनी मागे बघितलं, पारूमावशीकडे. मावशी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती. तिला वाटलं तिलाच विचारलंय. "मला न्हाई आली, साहेब," ती म्हणाली. "लिंक. मी येते तवा तुमचं कुलूप अस्तंय." आणि मग, साहेबांना वाईट वाटू नये म्हणून असेल, "कुलूप चांगलं हाय पन."

सगळ्यांत आधी साहेब हसले. मी भांडायला राखून ठेवलेली एकही ओळ तिथे वापरावी लागली नाही.

संध्याकाळची वेळ वस्तीतच राहिली, सात ते नऊ, प्रयोग म्हणून. तो प्रयोग अजून चालू आहे. पत्रकाचा मी आता एक नियम केलाय. शेवटी ती चौकट असतेच. संघटनेतले काही जुने लोक म्हणतात, ही पोरगी शत्रूला आयतं हत्यार देते. माझा अनुभव उलटा आहे. चौकट वाचून लोक वरचा मजकूर पुन्हा वाचतात.

मॅडम तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे शिकवलं तेवढ्या तासाचे पैसे, सुट्टीत काही नाही आणि पुढच्या वर्षाची खात्री नाही. वर्षानुवर्षं शिकवूनही कॉलेजच्या संकेतस्थळावर अध्यापकांच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नाही. मला ते कळलं तेव्हा मी पेटलेच. पत्रक काढते म्हटलं, प्राचार्यांच्या दारात वाटते म्हटलं. शिकवणारी माणसं अशी मोजणीबाहेर ठेवणाऱ्या व्यवस्थेबद्दल माझ्याकडे पुष्कळ विशेषणं आहेत आणि ती मी आजही वापरते. मॅडमनी ऐकून घेतलं. "काढ की," त्या म्हणाल्या. "पण माझ्या एकटीवर नको. माझ्यासारखे किती आहेत ते विचार आधी. आणि विचारताना नाव लिहून घेऊ नकोस, नाहीतर काळा पट्टा येईल." ती पाहणी आम्ही सध्या करतोय. या वर्षी मॅडमना तासिका मिळाल्या नाहीत आणि त्या साताऱ्याला परत गेल्या. अडलं की मी लाल ओळीचा फोटो काढून त्यांना पाठवते. त्यांचा निरोप येतो, "कंस."

जाण्याच्या आधी एका संध्याकाळी त्या वस्तीत आल्या होत्या. मला वाटलं निरोप घ्यायला आल्या. त्या दवाखान्याकडे वळल्या. नऊ वाजत आले होते. बाकड्यावर दोघी-तिघी बसलेल्या, आत डॉक्टरीणबाई शेवटचे पेशंट तपासत होत्या. मॅडमनी त्या बाकड्याकडे एकदा बघितलं, मान हलवली, आणि पाठ फिरवून गल्लीच्या तोंडाशी बघत उभ्या राहिल्या. वॉर्डबॉय आला आणि लोखंडी दरवाजा ओढू लागला. अर्ध्यावर आला तेव्हा मॅडमनी दरवाजावर हात ठेवला.

"मॅडम, टाइम झाला."

"थांब बाबा जरा."

"अहो, कोण नाही आता."

एका हाताने दरवाजा धरून मॅडम तशाच उभ्या होत्या, खांद्यावरच्या पिशवीत तो साडीत गुंडाळलेला लॅपटॉप, अंबाड्यात पेन्सिल. हायवेवरून कंटेनर जात होते, त्यांचे दिवे गल्लीत येऊन फिरून जात होते. मग त्या उजेडात गल्लीच्या टोकाला कुणीतरी दिसलं. पदर खोचून, चप्पल हातात घेऊन भराभर चालत येणारी पारूमावशी. लांबूनच ती हात हलवत होती, दार लावू नका म्हणून.

"येतेय," मॅडम वॉर्डबॉयला म्हणाल्या, आणि दरवाजा मागे लोटला.